पोत्यात गुंडाळलेला हात

साठ सालाच्या आसपास मी महाडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका दुपारी पिसाळलेलं कुत्रं शाळेच्या पडवीत शिरलं. आम्ही मुलींना वर्गात घेऊन दारं लावली. थोड्या वेळाने नगरपालिकेचा कुत्री धरणारा आला. काटकुळा, अनवाणी, हातात फास लावलेली काठी. रस्त्यावरचे लोक "हाण, हाण" ओरडत होते. त्याने वळून ओठांवर बोट ठेवलं आणि सगळे गप्प झाले.

मी खिडकीतून बघत होते. डाव्या हाताला पोतं गुंडाळून तो कुत्र्यासमोर उकिडवा बसला आणि तोच हात त्याने पुढे केला. कुत्र्याने पोत्यात दात रुतवले, तेव्हा त्याने सावकाश फास त्याच्या गळ्यात सरकवला.

"भीती नाही वाटत तुम्हाला?" मी दार उघडून विचारलं.

"वाटते की, बाई. दोनदा चौदा-चौदा सुया घेतल्यात पोटात. पन त्याला तहान लागलीय नि पानी गिळता येत नाय. त्याला आनि कशाला हानायचं?"

ते कुत्रं वाचणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी नेताना त्याने ते फरफटवलं नाही. ते कोलमडलं की तो थांबायचा आणि पुन्हा उभं राहीपर्यंत उन्हात वाट बघायचा.