शोझीची बिनचाकांची बस

चार मुलांच्या पाठीवर पाचवाही मुलगाच झाला तेव्हा आईने कपाळाला हात लावला आणि त्याचं नाव म्फानाफुथी ठेवलं, म्हणजे 'पुन्हा मुलगाच'. पुढे या माणसाने जे जे केलं ते पुन्हा पुन्हाच केलं, तेव्हा नाव ठेवणारीला दोष देण्यात अर्थ नाही. उम्झिंटो ते डर्बन टॅक्सी चालवणं त्याने तरुणपणी धरलं ते अजून सुटलेलं नाही. टॅक्सीच्या मागच्या काचेवर 'घाई कुणाला आहे?' असं लिहिलंय, आणि आत बसलेल्या माणसांना रोज त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मात्र म्फानाफुथी शोझी टॅक्सी अंगणात लावतो आणि दुसरी बस हाकायला जातो. या बसला चाकं नाहीत. हायफ्लॅट्सच्या टेकड्यांवरून निघायचं, उसाच्या मळ्यांमधून उतरत स्कॉटबर्गला समुद्रापाशी पोचायचं, अशी ती छप्पन किलोमीटरची शर्यत. पुढे वाऱ्यासारखे पळणारे असतात, त्यांची नावं पेपरात येतात. मागे आपली माणसं असतात: पोट सुटलेले, गुडघे धरलेले, नर्सबाया, मास्तर, चर्चमधल्या गायिका. ही मंडळी एकेकटी पळत नाहीत, ती बस पकडतात. एक जाणता माणूस पुढे आणि घोळका त्याच्या मागे. तो म्हणेल तिथे पळायचं, म्हणेल तिथे चालायचं, तो सुरू करेल ते गाणं उचलायचं. बंदुकीच्या आधी सगळ्यांना आत पोचवणं हे ड्रायव्हरचं काम.

बंदुकीचं असं आहे, की शेवटच्या रेषेपाशी एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. कुणाचा केविलवाणा चेहरा दिसून हात थबकू नये म्हणून पाठ. आठ तास भरले की तो बार काढतो. बारच्या आधी रेषा ओलांडली तर पदक मिळतं, आणि एक पाऊल जरी मागे राहिलं तरी हात हलवत घरी. अशी दहा पदकं झाली की छातीवरचा आकडा कायमचा तुमचा. तुम्ही मेलात तरी तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

शोझीकडे नऊ पदकं होती. दहावं दोन वर्षं हातातोंडाशी येऊन गेलं, आणि दोन्ही वेळा त्याच्या धंद्यानेच घात केला.

टॅक्सीवाल्यापुढे रस्त्याच्या कडेला कुणी तर्जनी वर केली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. शर्यतीतही मागे पडलेली माणसं गमतीने तशीच तर्जनी वर करतात आणि शोझीचे पाय तसेच हळू होतात. त्या दोनांतल्या पहिल्या वर्षी त्याने वाटेत इतकी माणसं उचलली की बस मैदानाच्या फाटकात असतानाच बार झाला. पुढच्या वर्षी बस वेळेत आली, पण टॅक्सीवाला प्रवाशांच्या आधी खाली उतरत नाही. शोझी रेषेशी बाजूला उभा राहून एकेकाला आत सोडत होता. "उतरा, उतरा, सावकाश, मा, पाय बघून," असं त्याचं चालू असताना बंदूक उडाली. सगळी बस उतरली आणि ड्रायव्हर बाहेर राहिला.

त्याची बायको डेलिसिले टॅक्सी थांब्यावर अमाग्विन्या विकते, तेलात तळलेले ते फुगीर गोळे. गेल्या शर्यतीनंतर तिने आठवडाभर फक्त पिठाशी बोलणं ठेवलं होतं. यंदा तर दवाखान्यातल्या डॉक्टरणीने शोझीच्या गुडघ्याचा फोटो बघून सांगितलं, की बाबा, ही शर्यत शेवटची, यापुढे चर्चपर्यंत चालत गेलात तरी खूप झालं. म्हणजे दहावं पदक मिळालं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी डेलिसिलेने त्याला समोर बसवलं.

"शोझी, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. उद्या कुणाला चढवणार?"

"कुणाला नाही."

"आणि कुणाला उतरवणार?"

"कुणाला नाही."

"तुमच्या शब्दावर मी आता गोळासुद्धा उधार देत नाही," ती म्हणाली आणि तिने पेरुमल अंकलना निरोप धाडला. पेरुमल अंकल पोस्टातून निवृत्त झालेले, काटकुळे, आणि घड्याळावर बायकोपेक्षा जास्त विश्वास ठेवणारे. ड्रायव्हरच्या शेजारी पळायचं आणि तो हळू झाला की चिमटा काढायचा, एवढंच काम त्यांना दिलं होतं. ते त्यांनी फारच आनंदाने पत्करलं.

सकाळी टेकडीवर थंडी अशी होती की लोक कचऱ्याच्या पिशव्या अंगात घालून उभे होते. शोझीने हाक दिली, "स्कॉटबर्ग, स्कॉटबर्ग, थेट स्कॉटबर्ग," आणि बघता बघता जत्रा जमली. पहिल्याच चढावर मागून आवाज आला, "ड्रायव्हर, खिडकी उघडा, गुदमरतंय." दुसरा म्हणाला, "खिडकी नको, तो मास्तर खाली उतरवा, त्याच्या बुटांचा वास येतोय." मास्तर म्हणाला, "वास बुटांचा नाही, तुझ्या गाण्याचा आहे." एका नर्सबाईने गाणं उचललं, दुसरीने त्याला खालचा सूर लावला, आणि धुक्यातून पन्नास माणसं एका ठेक्यात पाय टाकत उतरू लागली. शोझीला वाटलं, आपण जन्माला आलो ते यासाठीच, टॅक्सी वगैरे सगळं पोटासाठी.

मग बोटं सुरू झाली. पहिलं एका लठ्ठ दुकानदाराचं होतं. शोझीने मान उसाकडे वळवली. दुसरं एका मास्तरणीचं. "मा, मागून दुसरी बस येतेय, रिकामी आहे," असं धडधडीत खोटं बोलून तो पुढे गेला आणि पुढचा कितीतरी वेळ मागे वळून बघत राहिला. तिसऱ्या बोटाला पाय हळू झालेच आणि पेरुमल अंकलनी दंडाला असा चिमटा काढला की गाण्यात नसलेला सूर लागला. एकदा तर रस्त्याकडेला संत्रं खात बसलेल्या म्हाताऱ्याने कान खाजवायला बोट उचललं आणि अख्खी बस थबकली.

"अहो, तो धावत नाहीये, तो संत्रं खातोय," अंकल ओरडले.

"विचारून घ्यायला काय जातं?" शोझी म्हणाला.

वाटेत बायका मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन उभ्या होत्या. उसाचे ट्रक भोंगे वाजवत बाजूने जात होते. उम्झिंटोत पेरुमल अंकलच्या वहिनीने बागेच्या नळीने सगळ्या बसला आंघोळ घातली आणि अंकलना जरा जास्तच घातली. अंकलनी घड्याळ पुसून बघितलं. यंदा पहिल्यांदाच हाताशी भरपूर वेळ उरला होता. बसला त्याची झिंग चढली. मास्तर उलटा पळून दाखवू लागला. नर्सबायांनी लग्नातलं गाणं काढलं. शोझी मनातल्या मनात बायकोपुढे पदक धरून उभा राहिला, आणि ती काय बोलेल हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं.

तेवढ्यात शेवटच्या चढाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेच्या दगडावर एक भलामोठा माणूस पोटरी धरून बसलेला दिसला. त्याने मान वर न करताच तर्जनी उचलली. मग मान वर केली, ड्रायव्हर कोण ते बघितलं, आणि तर्जनी हळूच खाली घेतली.

तो ट्रॅफिक इन्स्पेक्टर न्डलेला होता. उम्झिंटोच्या रस्त्यावर शोझीला त्याच्याइतकं कुणी अडवलेलं नाही. टायर गुळगुळीत, एक माणूस जास्त, दिवा फुटका, आणि काहीच सापडलं नाही तर बोलण्याची पद्धत. यंदा पोट कमी करायचं म्हणून तो पहिल्यांदाच धावत होता, आणि पदक आणतोच असं ऑफिसभर सांगून आला होता.

बसमध्ये चैतन्य पसरलं. "ड्रायव्हर, दाबा ॲक्सिलरेटर," कुणीतरी म्हणालं. "साहेब, लायसन आहे का बसायचं?" मास्तराने विचारलं. पेरुमल अंकलनी चिमट्याची बोटं तयारच ठेवली होती.

बस दगडापासून पुढे गेली. शोझी दहा-बारा पावलं गेला आणि उभा राहिला.

"शोझी, नाही," अंकल म्हणाले. "डेलिसिलेला काय सांगू मी? अहो, निदान याच्यासाठी तरी नाही."

"अंकल, त्याने बोट खाली घेतलं. मला बघून खाली घेतलं," शोझी म्हणाला. "ज्याने मला बघून बोट खाली घेतलं त्याला टाकून गेलो तर मी कसला टॅक्सीवाला?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. अंकलनी दोन्ही दंडांना चिमटे काढून पाहिले, पण शोझी परत फिरला होता. इन्स्पेक्टरला उठवणं म्हणजे चिखलात रुतलेला ट्रक काढणं. नर्सबायांनी पोटरी चोळली, मास्तरने बटाटा भरवला, दोघांनी खांदे दिले. चढ तो पाऊल मोजत चढला आणि सगळी बस त्याच्या वेगाने चढली. हाताशी उरलेला भरपूर वेळ त्या चढावर संपला.

माथ्यावर समुद्र दिसला आणि इन्स्पेक्टरच्या अंगात बटाटा भिनला. मग त्याला आवरेना. "डावीकडून, डावीकडून चला. रांग मोडू नका. तुम्ही, लाल टोपी, ओव्हरटेक कुणाच्या परवानगीने?"

"याला परत दगडावर बसवा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखायला लागल्या. पण त्याच्या आरडाओरड्याने रांग खरोखरच सरळ झाली आणि बस उतारावर सुसाट सुटली. गाणं बंद पडलं, कारण गायला श्वासच नव्हता. अंकल नुसते "पळा, पळा" म्हणत होते. घड्याळाकडे बघणं त्यांनी सोडून दिलं होतं, यावरूनच किती वाजले असतील ते सगळ्यांना कळलं.

मैदानात शिरले तेव्हा तो पाठमोरा माणूस बंदुकीचा हात वर करून उभा होता. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, त्यात टोपली डोक्यावर घेतलेली डेलिसिले सर्वांत मोठ्याने. रेषा आली. शोझी पुढे होता. एक उडी मारायचा अवकाश, दहावं पदक गळ्यात.

आणि त्याने नेमकं गेल्या वर्षीचंच केलं. तो बाजूला झाला, एक हात पसरला आणि म्हणाला, "उतरा, मंडळी. सावकाश, मा."

पुढे डेलिसिलेने किती वेळा विचारलं, शोझी, त्या क्षणी तुमच्या डोक्यात होतं तरी काय? तो खरं तेच सांगायचा, की काहीच नव्हतं, हात आपला आपणच गेला. नर्सबाया गेल्या, मास्तर गेला, लाल टोपी गेली. अंकल त्याची बाही ओढत होते, ते गर्दीच्या रेट्यात स्वतःच आत गेले. सगळ्यांत शेवटी लंगडत इन्स्पेक्टर न्डलेला आला. त्याने शोझीला उभं बघितलं. कामावरचा त्याचा ठेवणीतला आवाज आपोआप निघाला.

"ए ड्रायव्हर. इथे गाडी उभी करायला मनाई आहे. हल."

असं म्हणून त्याने दोन्ही पंजे शोझीच्या पाठीवर ठेवले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ढकललं. शोझी रेषेपलीकडे गवतावर तोंडावर पडला. वर बंदूक उडाली.

तो तोंडातलं गवत थुंकत वळला. इन्स्पेक्टर रेषेच्या त्या बाजूला उभा होता, हात अजून पुढेच. त्याने रेषेकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. बूट रेषेला लागून होते, पण बाहेरच. शोझी उठून परत त्या बाजूला जायला निघाला तर कमिटीच्या माणसाने त्याला धरलं. "बाबा, आता मागे जाता येत नाही."

इन्स्पेक्टर जिथल्या तिथे बसला. शोझी रेषेच्या आतल्या बाजूला त्याच्यासमोर बसला. डेलिसिले गर्दीतून वाट काढत आली, नवऱ्याकडे बघितलंही नाही, टोपलीतला सर्वांत मोठा गोळा काढून तिने इन्स्पेक्टरच्या हातात ठेवला.

"खा, बाबा," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरने घास घेतला. "ऑफिसात सांगून आलोय," तो चावत म्हणाला. "उद्या काय सांगू त्यांना?"

"सांगा, ड्रायव्हरने उशीर केला," शोझी म्हणाला.

"ते तर मी रोजच सांगतो."

यावर शोझी इतका हसला की हसता हसता त्याला रडूच फुटलं, आणि सगळी बस बघत असताना त्याने ते पुसलंही नाही. कमिटीचा माणूस दहावं पदक घेऊन आला आणि मान खाली करा, बाबा, म्हणाला. शोझीने मान खाली केली, पण हात रेषेपलीकडे नेऊन तो इन्स्पेक्टरची पोटरी चोळतच राहिला.