हेतूकाकांचं वाक्य

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ समोर येईल त्याला "हेतू काय?" असं विचारायचे. कॉलेजला निघालेल्या मला, डुलक्या काढणाऱ्या वॉचमनला, एकदा तर जिन्यातल्या मांजरालासुद्धा. कोथिंबीरवाल्याला त्यांनी "आपका हेतू क्या है?" असं गंभीरपणे विचारलं, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "धनिया बेचना है, अंकल." तेव्हापासून ते सगळ्यांचे हेतूकाका झाले. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कंपनीने घातलं. औषधांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पॅकिंग केल्यावर त्यांनी व्हीआरएस घेतली, म्हणजे घ्यावी लागली. निरोपाआधी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून टाय लावलेल्या एका तरुणाने सांगितलं, आपल्या आयुष्याचं ध्येयवाक्य लिहा, पुढची वाट आपोआप सापडेल. बाकीच्यांनी 'सुखी कुटुंब' वगैरे खरडलं आणि जेवणाची रांग धरली. काकांचा कागद कोराच. "खोटं कसं लिहायचं?" ते मला म्हणाले होते. तो तरुण घाईत होता, घरी जाऊन लिहा म्हणाला. काकांनी त्याचा शब्द प्रमाण मानला.

दोन वर्षं त्यांनी वाक्य शोधलं. देशसेवा लिहावी तर या वयात कोण बोलावतंय, आणि नातवंडं सांभाळावीत तर मुलगा नागपूरला, त्याचं लग्नही व्हायचं होतं. काकू वैतागून म्हणायच्या, "वाक्य सापडलं की चक्कीवरनं दळण तेवढं आणा." आम्ही हसायचो, काकाही हसायचे. पण दुपारी दोन वाजता ते खिडकीशी कोरा कागद घेऊन बसलेले दिसायचे, ते मात्र बघवत नसे.

माझी टीवायची परीक्षा तोंडावर आली असताना एकदा ते दारात उभे राहिले. "बाळ, तू शिकलेली आहेस, अक्षरही छान आहे. मला एक वाक्य दे ना."

मी अभ्यासाच्या घाईत होते. ब्याद टळावी म्हणून वहीचं पान फाडून लिहिलं : 'जिथे माझी गरज असेल, तिथे मी वेळेवर हजर असेन.' काकांनी ते तीनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. संध्याकाळी स्टेशनजवळून लॅमिनेट करून आणलं आणि दाराच्या आत, चपला घालताना दिसेल असं लावलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि हातात घड्याळ, असे काका गेटपाशी हजर. टँकर आला की पाइप धरायला धावायचे. पोरं म्हणायची, "काका, बाजूला व्हा, भिजाल." तिसऱ्या मजल्यावरच्या बेनचा फ्रिज आला, तर ती म्हणाली, "रहेवा दो अंकल, कमर में लग जायेगा." मुलांचं गणित घ्यावं तर मुलांना क्लास. शेवटी सेक्रेटरींनी पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम त्यांच्याकडे दिलं. सहा महिने एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, वॉचमनला पगार देतोय ना आपण, काकांना कशाला त्रास? सगळ्यांनी अगदी प्रेमाने मान डोलावली.

त्यानंतरही ते आठला खाली यायचे आणि वॉचमन व्हॉल्व्ह फिरवायचा ते बघत उभे राहायचे. 'हेतू काय?' मात्र कधी बंद झालं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि मी? मी त्यांना टाळायला लागले होते. गेटमधून जाताना मोबाइल उगाच कानाला लावायचे.

पुढे घर विकून दोघं मुलाकडे नागपूरला निघाली. मी निरोपाला गेले. खोली रिकामी झाली होती. काका ते लॅमिनेशन फडक्याने पुसत होते.

"तुला हे सुचायला किती दिवस लागले गं?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आठवडाभर तरी, काका."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे वाक्यात खोट नाही," ते हळूच म्हणाले. "मीच कमी पडलो."

काकूंनी खालून हाक मारली, टेम्पो आला होता. काका वेळेवर खाली उतरले.

वर्षभरात ते गेल्याचं कळलं. वाक्य सुचायला एकच मिनिट लागलं होतं, काका. हे सांगायचं राहूनच गेलं.