दोन कॅमेरे आणि एक उडी

चष्मेवाले दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारत. समोर खुर्चीत गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल चौकट, आणि हे त्या चौकटीत एक भिंग घालत, काढत, दुसरं घालत. "हे बरं दिसतंय, की हे?" गिऱ्हाईक म्हणे, "दोन्ही सारखंच." मग पुन्हा पहिलं भिंग. जगात दोन गोष्टी सारख्या नसतातच, नीट खोदून विचारलं की माणूस एकीकडे झुकतोच, असा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

दुकानात हा गुणच होता. त्यांनी काढलेला नंबर चुकला असं कोणी म्हणत नसे. पण तोच गुण ते संध्याकाळी घरी घेऊन येत, आणि गुणाचा अवगुण व्हायला उंबरठा ओलांडण्यापुरताच वेळ लागतो. पंखा घ्यायचा ठरला, तर दोन कंपन्यांच्या पंख्यांचा अभ्यास पुरा होईपर्यंत उन्हाळा संपला. बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून भिंतीवर दोन छटांचे दोन पट्टे ओढले, ते अजून तसेच आहेत. नव्या पाहुण्यांना ती काहीतरी फॅशन वाटते. बायको म्हणायची, "मलासुद्धा कोणाशी तरी ताडूनच आणलंय यांनी. दुसरी कोण होती ते विचारू नका, अजून निकाल लागलेला नाही."

बायको पोस्टाच्या खिडकीवर होती. पन्नाशी ओलांडल्यावर तिचे गुडघे बोलू लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात जा. हे म्हणजे मांजराला आंघोळीला धाडण्यासारखं होतं. लहानपणी ती सहलीला गेलेली असताना पाण्यात पडली होती. काठावर सगळं घर बसलेलं होतं. आई, काका, मावशी, मोठी भावंडं. "सगळे होते हो," ती सांगायची, "पण बघत कोणीच नव्हतं." कोणीतरी काहीतरी मागायला म्हणून सहज मान वळवली, म्हणून ती वाचली. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की तिच्या अंगावर काटा यायचा. तरीही ती तरण तलावावर गेली. पहिले कितीतरी दिवस नुसती पायरीवर पाय बुडवून बसली. शिकवणारी मुलगी तिच्या लेकीच्या वयाची. तिने घाई केली नाही. वर्षभरात तिच्या या काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायला लागल्या.

वर्षाच्या शेवटी मोठ्या माणसांच्या वर्गाने घरच्यांना बोलावून आपली करामत दाखवायची, अशी तिथली पद्धत. एके संध्याकाळी चहा पिता पिता बायको म्हणाली, "मी वरच्या फळीवरून उडी मारणार आहे."

"वा! व्हिडिओ काढायला पाहिजे," चष्मेवाले म्हणाले.

"काढा नाहीतर नका काढू. माझं एक काम करा. उडी मारायच्या आधी मी खाली बघीन. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत असलं पाहिजे. नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अगं, बघणारच ना! कॅमेरा मग कशासाठी?"

इथेच घोडं पेंड खात होतं. कॅमेऱ्यातून बघणं हे नुसत्या डोळ्यांनी बघण्यापेक्षा वरच्या दर्जाचं बघणं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. डोळ्यांचं काय, त्यांना नंबर लागतो.

"फोन आहे की बाबा," लेक म्हणाली. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने फुटपाथवरचा तयार चष्मा विकत घेतला आहे. आईच्या आयुष्यातली एकमेव उडी आणि ती फोनवर? फोर-के पाहिजे. जमलं तर त्याच्याही वरचं. तिथून घरात तुलनेचं पर्व सुरू झालं. एक पक्ष खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्याची लेन्स जन्मासोबत मिळालेली, बदलायची सोय नाही, म्हणजे बदलायची कटकटही नाही. सुरू केला की जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट. दुसरा पक्ष लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा. त्याचा सेन्सर मोठा, प्रकाश जास्त पितो, हव्या त्या माणसावर फोकस धरतो आणि मागचं जग लोण्यासारखं मऊ करून टाकतो. फक्त त्याची लांबची लेन्स कॅमेऱ्याहून मोठी. नाकापेक्षा मोती जड.

"छोट्यात सगळंच दिसतं," ते जेवताना सांगत, "म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळत नाही."

"आणि मोठ्यात?" लेक विचारी.

"मोठ्यात आपण ठरवू तेवढंच दिसतं."

"मग बाकीचं?"

"बाकीचं कशाला हवंय?"

बायको तिकडे लक्ष देत नसे. ती भाजी वाढत असे.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराशी त्यांची जुनी ओळख. त्यालाच अखेर दया आली, की स्वतःच्या दुकानाची काळजी वाटली, कोण जाणे. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही घेऊन जा. कार्यक्रमाला वापरा, ताडून बघा, मग सांगा. तुमचा निकाल लागेपर्यंत ही दोन्ही मॉडेलं बंद पडायची." दोन्ही कॅमेरे घरी आले. चष्मेवाल्यांनी दुकानातला नजर तपासायचा तक्ता आणून बोळाच्या टोकाला चिकटवला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याचं चित्रण केलं. मग ते टीव्हीवर लावून बायकोला आणि लेकीला शेवटची ओळ वाचायला लावली. दोघींनी दोन्हीकडून वाचून दाखवली. आता त्यांना ती पाठही झाली होती, त्यामुळे हा पुरावा धरता येईना. तेव्हा खरा सामना तलावावरच व्हायचा, असं ठरलं.

म्हणजे बघा. बायकोच्या दृष्टीने ती उडी होती. यांच्या दृष्टीने ती चाचणी होती. माणूस वाईट मुळीच नव्हता. बायकोसाठी काहीतरी उत्तम करायचं म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं, एवढंच की त्या रानात बायको कुठे उभी आहे हे विसरून गेला होता.

तलावावर त्या दिवशी बरीच गर्दी होती. क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरत होते, आणि उंच छताखाली प्रत्येक हाक दोनदा ऐकू येत होती. चष्मेवाल्यांनी छोटा कॅमेरा मागच्या पायऱ्यांवर ठेवून सुरू करून दिला. आता त्याच्याकडे बघायला नको. मोठ्याचं स्टँड काठाजवळ मांडलं. टॉवेल देणाऱ्या बाई खांद्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग घेऊन चालल्या होत्या, त्यांना वळसा घालावा लागला. "साहेब, तंगड्या आवरा त्याच्या, कोणीतरी पडेल," त्या म्हणाल्या. यांनी स्टँड एका बाजूला सरकवलं आणि बाईंकडे न बघताच "हो हो" म्हटलं.

एकेक जण वर चढून उड्या मारत होता. कोणी नाक धरून, कोणी ओरडून. बायकोची पाळी आली. ती शिडी चढताना चष्मेवाल्यांनी पडद्यावर बघितलं, तर काय! ती चौकटीत बोटभर दिसत होती. अंदाज चुकला होता. लांबची लेन्स लावायला हवी होती. बायको फळीच्या टोकाला आली आणि तिने खाली बघितलं. चष्मेवाल्यांनी न बघताच हाताचा पंजा वर केला. थांब.

ती थांबली.

लेन्स काढायची, टोपण लावायचं, दुसरीचं टोपण काढायचं, खुणेला खूण जुळवून फिरवायची. घरी हे काम चुटकीसरशी व्हायचं. इथे बोटं ओली होती. खालून शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, चला!" रांगेतला एक जण कुजबुजला, "घाबरल्या वाटतं." चष्मेवाल्यांनी पुन्हा पंजा वर केला. लेन्स बसली एकदाची. आता फोकस शिडीच्या दांडीला जाऊन चिकटला. ते त्याला समजावू लागले. दांडी नको रे, माणूस धर. त्यांचा हात वरच होता.

आणि तेवढ्यात बायकोने उडी मारली. हाताची खूण खाली येण्याच्या आधी. पाण्याचा मोठा आवाज झाला, टाळ्या वाजल्या, आणि ती हसत हसत वर आली. चष्मेवाल्यांचा पहिला विचार असा, की शेवटच्या क्षणी फोकस बसला होता की नव्हता? ती टॉवेल गुंडाळून आली तेव्हा ते म्हणालेसुद्धा, "अगं, मी थांब म्हटलं होतं. हात खाली घेतला नव्हता मी."

"हो, दिसत होता हात," ती म्हणाली.

घरी आल्यावर चहा झाला, आणि दोन्ही व्हिडिओ टीव्हीवर लागले. चष्मेवाल्यांना उत्साह आवरत नव्हता. आधी मोठा कॅमेरा. फोकस बसला होता! अगदी वेळेवर. मागच्या खिडक्या विरघळून गेल्या होत्या आणि बायकोचा चेहरा अख्ख्या पडद्यावर होता. त्यांनी चित्र थांबवून आणखी मोठं केलं. "हे बघा. पापणीवरचा थेंब मोजता येतो. याला म्हणतात रिझोल्यूशन."

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "आई कुठे बघतेय?"

बायको सरळ भिंगात बघत होती. पण तिथे भिंगाशिवाय कोणी नव्हतं. वर धरलेला एक हात, आणि खाली वाकलेलं एक डोकं, एवढंच तिला दिसत असणार. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हनुवटी थरथरत होती. फोर-के होतं, त्यामुळे ती थरथरही अगदी उत्तम आली होती. चष्मेवाल्यांनी चित्र पुढे चालू केलं. ती तशीच बघत राहिली. मग तिची नजर बाजूला गेली. कशावर तरी ठरली. हनुवटी शांत झाली, तिने एक श्वास घेतला आणि ती चौकटीतून नाहीशी झाली.

"कोणाकडे बघितलंस गं?" लेकीने विचारलं. बायको ओला पोशाख पिळायला मोरीत गेली होती. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

चष्मेवाल्यांनी छोट्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. छोट्याने सगळं टिपलं होतं, सगळं सारखंच स्पष्ट. वर फळीवर बायको. खाली एक टक्कल पडू लागलेलं डोकं, लेन्सशी झटापट करणारं, एक पंजा उगाच हवेत. रांगेतले लोक एकमेकांशी बोलत होते. शिकवणारी मुलगी दुसऱ्या कोणाला तरी हात देऊन पाण्याबाहेर काढत होती. बाकावरचे नातेवाईक आपापल्या फोनमध्ये होते. आणि डाव्या कडेला, खांद्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग घेऊन, टॉवेल देणाऱ्या बाई चालता चालता थबकल्या होत्या. मान वर करून बघत होत्या. एक टॉवेल घसरून ओल्या फरशीवर पडला, तरी त्यांनी खाली बघितलं नाही. बघता बघता त्यांनी मान डोलावली. एकदाच, हलकेच. मग उडी झाली.

चष्मेवाल्यांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर अशी तुलना होती जिच्यात एका बाजूला ते स्वतः होते. दोघांनाही तेवढाच वेळ मिळाला होता, तेवढाच प्रकाश होता, अंतरही जवळपास तेच. त्यात खोदून विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा चष्मा ओला झाला होता, पण लेकीच्या देखत तो पुसायला काढला तर तिला कळेल, म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.

बायको मोरीतून आली. पडद्यावर टॉवेलवाल्या बाई थांबलेल्या होत्या. तिने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, आल्या का त्या व्हिडिओत! फार चांगल्या आहेत. नाव पण माहीत नाही मला त्यांचं."

"तू माझी वाट बघत होतीस," चष्मेवाले म्हणाले.

"बघितली की. हात दुखायला लागला असेल तुमचा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी कॅमेऱ्यांच्या पिशव्यांच्या चेन लावल्या, पुन्हा उघडल्या, उगाच एक लेन्स पुसली. मग म्हणाले, "हे दोन्ही सकाळी परत देऊन टाकतो. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. काही आणणार नाही. नुसता काठावर उभा राहतो. तू मार उडी, मी बघतो. अगदी डोळ्यांत तेल घालून बघतो."

बायकोने हातातला ओला पोशाख झटकला आणि दोरीवर टाकून चिमटे लावले. त्यांच्याकडे वळून ती हसली. मोकळं, आनंदी हसली. इतक्या वर्षांत पाण्याचा विषय निघालेला असताना ती अशी हसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

"या की," ती म्हणाली. "मी रोजच जाणार आहे आता, आणि उडी पण मारणार. पण तुमचं दुकान बुडवून येऊ नका. आता मला कोणी बघायला लागत नाही."