दोनच रकाने
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला उदगीरचं ते दुकान आठवतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता आणि कॉलेजात प्राध्यापक म्हणून नवाच लागलेला मी संशोधनाची प्रश्नावली गिऱ्हाइकांवर तपासून बघत होतो. मुख्य प्रश्न असा: हे कापड विणणाऱ्यांना पुरी मजुरी देत नाहीत, असा आरोप आहे, तरी घ्याल का? उत्तराला रकाने दोनच, 'घेईन' आणि 'घेणार नाही'. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई हिरवं लुगडं निवडून बसली होती. मी प्रश्न वाचला. तिने लुगडं खाली ठेवलं, जरा विचार केला आणि दुकानदाराला म्हणाली, "आप्पा, मजुरी कमी दिली म्हनत्यात. मग भाव बी कमी करा की." आप्पा माझ्यावरच उखडले, "सर, तुमी अभ्यास करायलात का माझा धंदा बसवायलात?" शेवटी भाव उतरला आणि ती लुगडं घेऊन गेली. तिचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून मी तो कागदच फाडून टाकला. परवा सेलमध्ये अर्ध्या किमतीत दोन शर्ट घेतले. इतके स्वस्त का, हे मी विचारलंच नाही. तिने निदान कारण ऐकून घेतलं होतं.