चुलीपाशी मागितलेली माफी

गिरजा आज सकाळी गेली. तिचं एक काम माझ्याकडून राहिलं.

मी चौथी शिकलेली. एका बोटाने टाइप करते, चुकलं तर सांभाळून घ्या. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहिते." म्हटलं, नको. हे माझं मलाच लिहायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरजा आमच्या घरगुती कोकमाच्या धंद्यात माझ्याबरोबर होती. हल्याळकडची, सिद्दी. तिचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांनी जहाजात घालून गोव्यात आणून विकलेले.

नवरा चिऱ्याच्या खाणीवर कामाला, त्याच्यासोबत ती इथे आली. तो गेला, ती राहिली. मालवणी आमच्यापेक्षा चांगली बोलायची. शिव्या तर एकदम अस्सल.

तिच्यासारखी सोलं, म्हणजे आमसुलं, कोणाला जमत नव्हती. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की परत बुडवायची. आम्ही चार पुटांत दमतो. ती सात द्यायची.

आमच्याकडे सोलं जितकी काळी तितकी चांगली. गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, "काळी आसत मां?"

म्हणून मागच्या वर्षी नातीने इथे, ह्या ग्रुपवर जाहिरात टाकायची ठरवली तेव्हा मी खूश. फोटो काढला गिरजाच्या हातांचा, ओंजळभर सोलं घेतलेल्या.

आणि वर ओळ, "एकदम हबशी काळी, मालवणची सोलं."

ओळ नातीची नाही. माझी.

नातीने विचारलं होतं, "आजी, हे चालेल ना?"

"अगो, आमी रोज म्हणतव."

खरंच म्हणतो. उन्हातून कोण काळवंडून आलं की म्हणतो. हलवायाकडे हबशी हलवा मिळतो, त्याला कोण काय बोलतं?

तुम्ही सगळे खूप हसलात. एकाने लिहिलं, "हातपण मॅचिंग."

मी त्याच्याखाली हसरं तोंड लावलं. फोन नवा होता, जे दिसेल ते दाबत होते. पण हे समजून दाबलं होतं.

गिरजाने ते शेजारणीच्या फोनवर बघितलं. दुसऱ्या दिवशी आली, चहा घेतला नाही.

"हात माझो मां ह्यो?"

"तुझोच गो. किती लोकांका आवाडलो बघ."

"दुसरीत शाळा सोडलंय मी, ती ह्याच नावापायी. मास्तरपण ह्याच नावान हाक मारी."

"अगो, आमी सोलांका म्हटला. तुका नाय."

"मगे हात कित्याक माझो? तुझो लावचो. तुझो गोरो आसा."

ती सोलं उलटत बसली.

संध्याकाळी जाहिरात काढून टाकली. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी विचारलं, का काढली? मी सांगितलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम. खोटं सांगितलं.

मग एकदा चुलीपाशी दोघीच होतो, तेव्हा तिला म्हटलं, "चुकलंय गो."

तिने फुंकणी खाली ठेवली.

"जाहिरात सगळ्यांका दाखवलंस. आणि चुकलंय म्हणतस ता हय, चुलीकडे. कोण नाय बघून."

"लिवतंय. उद्या लिवतंय."

ती परत फुंकायला लागली.

तो उद्या लांबत गेला. आधी माझा गुडघा. मग नातीचं बाळंतपण. पणती झाली. काय सांगू तुम्हाला, नाक अगदी माझ्या आईचं. मी रोज तिचे फोटो टाकले. त्याला मला वेळ होता.

पणतीला तेल लावून न्हाऊ घालायची गिरजाच. दुसऱ्या कोणी घेतलं की रडून घर डोक्यावर घ्यायची, गिरजाच्या हातात गप.

ते हात एकाही फोटोत नाहीत. मी कापून टाकायचे. परत कोणी काही लिहिलं तर, म्हणून. तिने तेही बघितलं असणार.

विचारलं एकदाच. माझ्या हातात फोन बघून.

"आज तरी लिवतस?"

"वय झाला गो माझा. एका बोटान किती लिवतलंय."

"माझाय झाला."

आज सकाळी तिने घरापुढच्या खळ्यात सोलं पसरली, पायरीवर टेकली. मी चहा घेऊन गेले तर मान कलंडलेली. पाच पुटं झाली होती. दोन बाकी आहेत. ती मी देईन, दमले तरी.

आता लिहिते. सगळ्यांना दिसेल असं.

ती ओळ माझी होती. ती वाईट होती. त्या कमेंटला मी हसले, तेही वाईट. हसलात ते तुम्ही तुमचं बघा.

"एवढं काय त्यात" असं खाली कोणी लिहू नका. वर्षभर मीच ते स्वतःला सांगत होते. कंटाळले आता.

गिरजा, लिवलंय गो.

उशीर झालो.