मोहाखालची आग

लग्न होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. माझे यजमान जंगलखात्यात राखणदार होते आणि त्यांची नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याला, खानदेशाच्या पार उत्तरेच्या टोकाला होती. होळी आली की जंगल पेटतं, म्हणून फाल्गुन आणि चैत्र हे दोन महिने राखणदारानं गावात राहायचं नाही, जंगलातच मुक्काम ठोकायचा, असा हुकूम होता. इतर राखणदार बायकोला घरी ठेवून जात. यांनी मात्र सासूबाईंना सांगितलं, "तठे रांधाले कोनी नही," आणि मला पारोळ्याहून सोबत नेलं.

रांधायचं निमित्त होतं. घरी आम्हा दोघांना बोलायला जागाच नव्हती. सासरे ओट्यावर, दीर दारात, आणि माझा पदर डोळ्यांपर्यंत. दिवसभरात त्यांचे पाय तेवढे दिसायचे.

जंगलात त्यांनी नाल्याच्या काठावर सागाच्या फांद्यांची झोपडी बांधली. ती पुरुषभरही उंच नव्हती, आत वाकून शिरावं लागे. म्हणून आम्ही आत राहतच नव्हतो. चूल बाहेर, पांघरूण बाहेर, जेवण बाहेर. नाला कोरडा पडला होता, पण रेतीत हातभर खड्डा केला की पाणी झिरपायचं. ते वाटीनं भरून घडा भरायला बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ हे शेजारी बसून गप्पा मारत. मी त्यांचं तोंड नीट पाहिलं ते तिथं. उजव्या भुवईत एक बारीक व्रण होता, लहानपणी बैलानं शिंग मारल्याचा. वर्षभर एका घरात राहून तो मला माहीत नव्हता.

सकाळी आम्ही दोघं पट्टीवर जायचो. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून डोंगराच्या अंगानं गवत नि पाला काढून बैलगाडीच्या दुप्पट रुंदीची पट्टी मोकळी ठेवलेली असे. रोज वाऱ्यानं तिच्यावर पाला यायचा आणि रोज तो झाडून काढावा लागायचा. हे पुढं, मी मागं, दोघांच्या हातात फांद्यांचे झाडू. पळस फुलला होता. अंजनाला तांबूस कोवळी पानं आली होती. बाकी सगळं वाळून कुरकुरीत. माझ्या हाताला फोड आले, पाय फुटले, आणि मला घरी जावंसं वाटत नव्हतं.

पट्टीच्या खाली, उतारावर मोहाची पाच-सहा मोठी झाडं होती. तिथं पावरा आदिवासींपैकी एक म्हातारा-म्हातारी मुक्कामाला आली. त्यांचं गाव डोंगरापलीकडे होतं, पण मोहाची फुलं पडायच्या दिवसांत ती दोघं दरवर्षी त्या झाडांखालीच राहत. वेचायची, खडकावर वाळवायची आणि चैत्र सरता सरता टोपल्या घेऊन परतायची. पावसाळ्यात घरात दाणा नसला की तीच फुलं उकडून खायची. म्हातारा फार बोलत नसे. म्हातारी बोलायची, आमच्या अहिराणीत बोलायची आणि अडलं की हसायची. मी तिला माय म्हणू लागले, म्हाताऱ्याला आबा.

फुलं पहाटेपासून पडतात. उजाडलं की मी तिच्याबरोबर वेचायला जायची. पिवळट, रसानं भरलेली, हाताला चिकटणारी फुलं. पण खाली पाल्याचा थर होता. त्यात ती दडून बसायची. म्हातारी गुडघ्यांवर रांगत पाला चाचपायची.

"माले आते दिखत नही, पोरी," ती म्हणाली. "पालामा फूल कोठे शे, समजत नही."

पूर्वी झाडाखालचा पाला जाळून टाकायचे. जमीन स्वच्छ होई, फूल लांबून दिसे. आता मनाई होती. मनाई राबवायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं.

मी त्यांच्या मागे लागले. दोनच झाडांखालचा पाला, सकाळच्या वेळी, वारा नसताना. दोन दिवस ते "नाही" म्हणाले. "बठ्ठं जंगल सुकेल शे," ते म्हणाले, "एक ठिणगी पडनी का गये." तिसऱ्या दिवशी मी म्हातारीच्या सोललेल्या गुडघ्यांचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "परवा. मी उभा राहीन. मी येस तवलोंग काडी लावानी नही. समजनं?"

ते येईपर्यंत काडी लावायची नाही, याला मी हो म्हटलं.

त्या परवाच्या पहाटे साहेबांचा निरोप आला. रेंजर साहेब खालच्या बंगल्यावर उतरले होते, सगळ्या राखणदारांनी हजर व्हायचं होतं. हे निघून गेले. थोड्या वेळानं आबा झोपडीशी आले. झाडांभोवतीचा पाला आत ओढून मोकळं कडं केलं आहे, म्हणाले, आग झोडपायला फांद्या कापून ठेवल्या आहेत. राखणदार कधी येणार?

दुपार होईल, मी म्हटलं. दुपारी वारा सुटतो, ते म्हणाले. मग उद्या.

तिथं गोष्ट थांबली असती. म्हातारा परत फिरला होता. पण मला वाटलं, आपण राखणदाराची बायको. रोज पट्टी झाडते. वारा पडलेला आहे, एक पान हलत नाही. माय आज पुन्हा रांगणार. मी हाक मारली. म्हटलं, "मी शे ना. लावा आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका राखणदाराच्या बायकोचा शब्द म्हणजे राखणदाराचा शब्द, असंच त्यांना वाटलं असणार.

पाला छान जळला. आम्ही तिघं फांद्या घेऊन भोवती उभे होतो. दोन्ही झाडांखाली काळी, स्वच्छ जमीन झाली. माय हसत होती. आम्ही पाणी शिंपडलं, माती टाकली आणि मी झोपडीकडे येऊन भाकरी थापायला बसले. एका झाडाच्या मागं जुनं पोकळ खोड आडवं पडलं होतं. त्याच्या पोटात विस्तव शिरला होता. ते आम्ही कोणी पाहिलं नाही.

दुपारी वारा सुटला. आधी वास आला, मग आवाज. कोरडं गवत जळताना फाटतं, कापडासारखं. मी धावले तेव्हा आग उतारावरून वर पट्टीकडे चालली होती आणि आबा तिच्या बाजूनं फांदीनं झोडपत वर पळत होते. माय खाली उभी राहून त्यांना त्यांच्या भाषेत ओरडून बोलावत होती. ते परतले नाहीत. आग पट्टी ओलांडून गेली तर सरकारी जंगल जाईल आणि ते आपल्यावर येईल, ही भीती त्यांना आगीहून मोठी होती. धूर खाली आला आणि मला ते दिसेनासे झाले.

आग पट्टीवर थांबली. आम्ही झाडून ठेवली होती ती पट्टी. आबा तिच्यापासून दहा-बारा पावलांवर सापडले, पालथे. अंग फार भाजलं नव्हतं. धुरानंच गेले.

धूर पाहून हे धावत आले होते. त्यांनी आबांना खांद्यावर घेऊन खाली आणलं, मायपुढे ठेवलं आणि मला झोपडीमागं नेलं.

"कोन सांगं लावाले?"

"मी."

ते खाली बसले. मग म्हणाले, "हे कोनले सांगू नको."

साहेब घोड्यावरून आले ते ऊन कलल्यावर. जळालेला उतार पाहिला, पट्टी पाहिली. मी झोपडीच्या दाराशी पदर ओढून उभी होते. माय आबांच्या डोक्याशी बसली होती.

"आग कुणी लावली?" साहेबांनी विचारलं.

"म्हाताऱ्यानं, साहेब," हे म्हणाले. "मी मनाई केली होती."

दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. साहेबांनी लिहून घेतलं. मायला अहिराणी कळत होती, मराठीही कळली असणार. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पदर आणखी खाली ओढला. गावी जसा ओढत होते तसा.

तिचे भाऊबंद आले आणि आबांना नि तिला घेऊन गेले. मी भाकरी नेऊन दिली होती, ती तिथंच खडकावर राहिली. महिन्याभरात वरून कागद आला. त्या गावच्या लोकांना त्या भागात मोह वेचायची बंदी.

पुढच्या फाल्गुनात आम्ही पुन्हा त्याच जागी राहिलो. फुलं पडली. कोणी वेचली नाहीत. सकाळी हरणं खात, उरलेली आंबून जात आणि वारा आला की तो आंबट वास झोपडीपर्यंत येई. आम्ही दोघं पट्टी झाडायचो. बोलायचं काम पडत नव्हतं.

त्याच वर्षी मी यांना न सांगता डोंगर ओलांडून मायच्या गावी गेले. ती दारात बसली होती. तिला आता अजिबात दिसत नव्हतं, मी आवाजानं ओळख दिली आणि म्हटलं, त्या दिवशी लावायला मी सांगितलं होतं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी तठेच व्हतू ना. माले काय सांगस? सायेबले सांगनं व्हतं."

तिनं मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उभीच होते. शेवटी मीच निघाले.

परत येऊन मी यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "चाल." दोन दिवसांनी मला बंगल्यावर घेऊन गेले. आधीचे साहेब बदलून गेले होते, नवे तरुण होते. मी पदर मागं सारून, पहिल्यांदाच एखाद्या साहेबाशी, उभ्यानं सगळं बोलले. यांनी शेजारी उभं राहून, "ती खरं सांगते, साहेब, मी खोटं लिहायला लावलं," असं म्हटलं. साहेबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, ते प्रकरण मिटलं आहे. मेलेल्या माणसावर आहे तर राहू द्या. तुमच्या यजमानांची नोकरी कशाला घालवता?"

आम्ही परत आलो. यांची नोकरी गेली नाही. बंदीही उठली नाही. माय त्यानंतर दोन पावसाळे काढून गेली, असं कोणीतरी सांगितलं. त्या दोन पावसाळ्यांत तिनं काय खाल्लं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.