घन किलोमीटरातला आमचा पाट

मी डूख धरणारी बाई आहे. तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी माझ्या दारात केर लोटत नाही. कचेरीतल्या साहेबांना मात्र ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळलं.

कावेरीचं पाणी कुठल्या पाटाला किती आणि किती दिवस, याचे तक्ते मी करते. घरात मराठी, कचेरीत तमिळ, तक्त्यात इंग्रजी, असं बावीस वर्षं चाललंय. पाणी आम्ही टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतो. इथे चहाच्या दुकानातली भांडणंसुद्धा टीएमसीतच होतात.

साहेबांना परदेशात निबंध वाचायचं बोलावणं आलं. तिथे म्हणे टीएमसी कुणाला कळत नाही. "सगळं घन किलोमीटरात करा, अम्मा. पृथ्वीचं पाणी त्याच मापात मोजतात." पस्तीसेक टीएमसी मिळून एक घन किलोमीटर होतो. मी बसून सगळं फिरवलं, दोन दशांशांपर्यंत. धरणं झाली, मोठे कालवे झाले. टोकाचे पाट कसेबसे ०.०१ ला टेकले. ओरत्तनाडूच्या खालचा एकच पाट ०.०० झाला.

त्या पाटावर माझ्या अक्काचं शेत आहे. भावोजी गेल्यापासून ती एकटी भात करते.

मी उठून साहेबांकडे गेले. "सर, एक पाट शून्य दिसतोय. तीन दशांश घेऊ?"

"मग पान पुरणार नाही," ते म्हणाले. वर हसले. "आकाशातून बघायला शिका, अम्मा. तिथून असले ओहोळ कुणाला दिसतात?"

मी जागेवर आले आणि ०.०० तसंच ठेवलं. चूक माझ्याही हातची आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढलाच.

साहेब जाऊन आले, त्यांचा फोटो भिंतीवर लागला. पुढे नदीत पाणी कमी झालं आणि मुरै ठरली, म्हणजे पाटांनी आळीपाळीने पाणी घ्यायचं. वेळापत्रक करणाऱ्याने साहेबांच्या सहीचा नवाकोरा तक्ता घेतला. छापील आकड्याला उलट विचारायची आमच्या कचेरीत पद्धत नाही. शून्याच्या पाटाला शून्य दिवस मिळाले.

अक्काचा फोन आला. "अगे, पाणी शेजारच्या पाटाने वळून गेलं. आमचं काय चुकलं?" शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी मागून मागून तिने रोप तेवढं जगवलं होतं. लावणीला पाणी हवं होतं, आणि रोप काही कुणासाठी थांबत नाही.

मी दुरुस्तीचं टिपण ठेवलं. साहेबांनी दोनदा परत केलं. दुरुस्ती म्हणजे परदेशात वाचलेला तक्ता चुकला असं कबूल करणं! तिसऱ्यांदा मलाच मेमो आला: तक्ता आपण तयार केला, खुलासा द्यावा. निबंध त्यांचा आणि चूक माझी, वा रे न्याय! वर म्हणतात, "एक पाट सुकला म्हणून जग बुडत नाही, अम्मा." मेल्या, माझ्या अक्काचं जग बुडतंय, तेही पाण्यावाचून! हे अर्थात मनात. तोंडाने "येस सर" म्हटलं.

महिनाअखेर साहेब निवृत्त होणार होते. तोवर अक्काच्या रोपाला लावणीचे जेमतेम आठ दिवस उरणार होते, मग ते गुरांपुढे टाकायचं. आमच्याकडे रिवाज असा, की समारंभात हाताखालच्या माणसाने सेवेचा गोषवारा वाचायचा, मग पोन्नाडै शाल पांघरायची, मग जीपने घरी पोचवायचं. "गोषवारा छान लिहा हं, अम्मा," साहेब म्हणाले. लिहिते की! दोन संध्याकाळी बसून लिहिला.

चेन्नईहून मोठे अधिकारी आले होते. साहेबांची बायको, मुलं, नातवंडं पहिल्या रांगेत. मी माईक घेतला. "साहेबांनी आम्हाला सगळं पृथ्वीच्या मापात मांडायला शिकवलं. पृथ्वीचं वय कोटी वर्षांत मोजतात. साहेबांची सेवा चौतीस वर्षं. कोटी वर्षांत, दोन दशांशांपर्यंत: शून्य पूर्णांक शून्य शून्य."

लोक हसले. साहेबही हसले, त्यांना वाटलं कौतुकच चाललंय.

"साहेबांनी तपासलेले कालवे, पृथ्वीच्या परिघाच्या मापात: शून्य पूर्णांक शून्य शून्य." आता हसू कमी झालं. "आणि याच मापाने शून्य झालेला एक पाट आज महिनाभर कोरडा आहे."

साहेबांचा चेहरा पडला. तो मी डोळे भरून पाहिला, खोटं कशाला सांगू?

"कुठला पाट?" मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं. कागद माझ्या पर्समध्ये तयारच होता, टीएमसीतला जुना तक्ता आणि घन किलोमीटरातला नवा, शेजारी शेजारी. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, वेळापत्रकवाल्याला बोलावलं, आणि शालीच्या तबकावरच कागद ठेवून सही केली. तिसऱ्या दिवशी पाटाला पाणी सुटलं. अक्काचा फोन आला तेव्हा ती चिखलात उभी होती, मागे बायका लावणीची गाणी म्हणत होत्या. मला रडू आलं.

महिन्याने साहेबांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "अम्मा, नातवंडांसमोर शून्य म्हणालात. चौतीस वर्षांत खरंच काही नव्हतं का हो?"

अक्काचा पाट तिसऱ्याच दशांशाला दिसत होता. साहेबांना सहावा लागतो, तो हिशेब मी तेव्हाच करून ठेवला होता.

"तसं नाही सर," मी म्हटलं, "अजून चार दशांश घेतले की दिसतं थोडंसं. पण पान पुरत नाही."